आरोग्यदान माझ्याकडे आहे म्हणे. ओळखायचं कसं? आणि नसेल तर?

मोहरीचा_दाणा:
नमस्कार मंडळी (इथली आणि चर्चमधलीही :) ). बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी आमच्या मंडळीत बाहेरून एक प्रचारक आले होते, तीन दिवसांच्या सभा. शेवटच्या रात्री त्यांनी मला मागच्या रांगेतून उठवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की या ताईंच्या हातात आरोग्यदान, म्हणजे प्रार्थनेने आजाऱ्यांना बरं करण्याचं देवाने दिलेलं दान, आहे. मी तिथे खुर्च्या आवरायला थांबले होते हो! पण तेव्हापासून लोक प्रार्थनेला यायला लागले. एका काकूंची वर्षभर दुखणारी पाठ प्रार्थनेनंतर थांबली ती थांबलीच, त्यांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून तशी साक्ष दिली आणि मग काय, दर रविवारी उपासना संपली की माझ्यापुढे रांग. त्यानंतर सहा वर्षांचा एक मुलगा होता, ल्युकेमिया. चार महिने प्रार्थना केली, उपास केले. तो गेला. त्याच्या आईने मला एका शब्दाने विचारलं नाही, पण आमच्यातल्याच एकाने तिला सांगितलं की घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असणार. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले.

आता पाळकसाहेब म्हणतायत आरोग्य सेवेची टीमच करू, तुम्ही पुढे व्हा. तर प्रश्न असा की दान आहे हे ओळखतात कसं, आणि मी नाही म्हटलं तर ते देवाला नाही म्हटल्यासारखं होतं का? वादासाठी विचारत नाहीये, ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

ऑर्गनवाला:
रुमाल टाकून ठेवतो. यावर माझ्याकडे सांगण्यासारखं आहे, रात्री लिहितो.

थोमाचा_भाऊ:
रुमालावरून आठवलं, प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिस इथे पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवले तरी ते बरे व्हायचे. ऑर्गनवाले, तुमचाही चालतो का बघा :D

आता गंभीरपणे. ताई, माझं मत कडू लागेल. ही चिन्हं प्रेषितांच्या साक्षीवर शिक्कामोर्तब करण्यासाठी होती, इब्री २:३-४ वाचा. शिक्का बसला, काम झालं. प्रिन्स्टनच्या वॉरफिल्ड या धर्मपंडिताने हे १९१८ मध्येच सविस्तर मांडलंय. आणि नव्या करारातच उतार दिसतो की. ज्याच्या रुमालाने लोक बरे होत होते तोच पौल पुढे त्रफिम या आपल्या सोबत्याला मिलेतात आजारी सोडून येतो, आणि तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहितो. रुमाल पाठवला असता ना पोस्टाने! देव आजही बरं करतो, प्रार्थना ऐकतो, हे मी मानतोच. पण अमक्याच्या हातात ते दान आहे, हे आता कुणाबद्दलही म्हणता येत नाही. त्यामुळे तुम्ही नाही म्हणा, देवाला नाही म्हटल्याचं पाप लागणार नाही, लागलंच तर त्या प्रचारकाला लागेल.

पेटती_वात:
थोमादादा, तुमचा हा उतार मला काही दिसत नाही. त्रफिम आजारी राहिला म्हणजे दानं बंद झाली, हे कुठल्या वचनात आहे? त्याचा अर्थ एवढाच की पौल त्याला हवं तेव्हा बटण दाबून बरं करू शकत नव्हता. तसं तर तो आधीही करू शकत नव्हता, गलतीकरांना त्याने सुवार्ता पहिल्यांदा सांगितली तीच स्वतःच्या आजारपणामुळे. आणि १ करिंथ १३ मध्ये दानं संपतील म्हटलंय ते "पूर्ण ते येईल" तेव्हा, म्हणजे प्रभूच्या येण्याच्या वेळी, तेव्हा आपण समोरासमोर पाहणार आहोत. अजून तरी मी समोरासमोर पाहत नाहीये, तुमचं माहीत नाही.

चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन, त्याचंच बघा. तरुणपणी त्याचंही मत तुमच्यासारखंच होतं, असले चमत्कार आता होत नाहीत. म्हातारपणी त्याने ते सुधारलं, आणि देवनगरीवरच्या ग्रंथाच्या २२व्या भागात आपल्याच हिप्पो शहरात दोन वर्षांच्या आत लिहून घेतलेल्या साक्षी जवळपास सत्तर झाल्या म्हणून सांगितलं. पुढचं तर सगळ्यांना ठाऊक आहे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये संजीवन (आत्म्याची जागृती) आलं, १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर सीमोर या प्रचारकाच्या सभा. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा, एका डोळ्याने दिसत नव्हतं, आणि त्याच्या सभेत गोरे काळे एकत्र गुडघे टेकत होते, त्या काळात! एका डोळ्याने आंधळा माणूस आरोग्याची सेवा चालवत होता, यातच तुमच्या आणि माझ्या दोघांच्या थिअरीची पंचाईत आहे म्हणा.

ताई, दान असू शकतं. पण त्या आईपुढे तुम्ही गप्प राहिलात ते चुकलंच. मी पेन्टेकॉस्टल, म्हणजे ही दानं आजही मिळतात असं मानणाऱ्यांच्या, घरात वाढलेय, "विश्वास कमी पडला" हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा वास येतो मला.

वाचनमात्र:
वाखुसा (वाचनखूण साठवली).

बिनदेवाचा_पाहुणा:
मी नास्तिक, त्यामुळे आधीच पायताण काढून आत येतो. विषय निघालाय तर पीटर पोपॉफ आठवला. अमेरिकेतला टीव्ही प्रचारक. गर्दीतल्या अनोळखी लोकांची नावं, पत्ते, आजार "आत्म्याने" सांगायचा. १९८६ मध्ये असली भोंदूगिरी उघडी पाडणारा जादूगार जेम्स रँडी, त्याच्या माणसांनी सभेत रेडिओ स्कॅनर नेला तर सापडलं काय, की लोकांनी आधी भरून दिलेली प्रार्थना कार्डं बायको मागे बसून वाचतेय आणि याच्या कानात इअरपीस. रेकॉर्डिंग टीव्हीवर वाजवलं, पुढच्या वर्षी त्याने दिवाळखोरी जाहीर केली. आणि तरी तो नंतर पुन्हा टीव्हीवर आला आणि चालला, हे मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. ताई तशा नाहीत हे दिसतंच आहे. पण त्यांना सभेत ज्याने उठवलं त्याला त्यांचं नाव कुणी सांगितलं होतं का, एवढं विचारून बघा.

मोहरीचा_दाणा:
@बिनदेवाचा_पाहुणा, नाव नाही घेतलं त्यांनी, "निळ्या साडीतल्या ताई" म्हणाले. इअरपीस नसावा, माइकच धड चालत नव्हता.

थोमाचा_भाऊ:
पाहुणे, स्वागत आहे. तुमच्याशी एकमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पेटती_वात, गलतीचा मुद्दा चांगला आहे, विचार करतो.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, एकवीस वर्षं झाली. विश्वासणारी आहे, प्रार्थनाही करते, पेशंटने म्हटलं तर त्याच्यासोबत.

ताई, आधी पाठीचं. पाठदुखी, गुडघे, डोकं, हात वर न होणं, सभांमध्ये याच गोष्टी जास्त "बऱ्या" होतात, आणि याच गोष्टी मुळात कमीजास्त होणाऱ्या आहेत. माणूस दुखणं टिपेला गेल्यावरच प्रार्थनेला येतो, त्यामुळे त्यानंतर उतार पडायची शक्यता तशीही जास्त. त्यात कुणीतरी हात ठेवलाय, नाव घेऊन बोलतंय, अंग सैल पडतं, वेदना खरोखरच कमी होतात, ते नाटक नसतं. काकूंची पाठ देवाने बरी केली नाही असं मी म्हणत नाहीये, फक्त त्यावरून तुमच्या हातात काय आहे ते सिद्ध होत नाही. आणि मुलगा गेला यावरूनही होत नाही.

प्रार्थनेचा प्रयोगही करून झालाय लोकांचा. २००६ मध्ये बेन्सन वगैरेंनी बायपासच्या १८०२ पेशंटवर केला. प्रार्थना होतेय हे ज्यांना नक्की सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के, आणि प्रार्थना होत होती पण होतेय की नाही हे माहीत नव्हतं त्यांच्यात ५२ टक्के. आता यावरून प्रार्थना घातक असते असं म्हणायला मी तयार नाही, देवाला तक्त्यात बसवायचा प्रकार मला मुळातच पटत नाही, पण एक शंका तेव्हा त्या डॉक्टरांनीच काढली होती ती पटते, की "माझ्यासाठी प्रार्थनेची टीम लावलीय म्हणजे मी इतका सिरीयस आहे का" असं पेशंटला वाटलं असेल. आपण पलंगाभोवती आठ जण डोळे मिटून उभे राहतो तेव्हा झोपलेल्याला काय दिसतं ते एकदा झोपून बघा.

आता माझी भीती. फिट्सचा एक तरुण पेशंट होता आमच्याकडे. सभेत त्याने साक्ष दिली की बरा झालो, आणि साक्षीला खोटं पडू नये म्हणून गोळ्या बंद केल्या. कुणी सांगितलं नव्हतं बंद कर म्हणून, तोच म्हणाला की गोळी घेतली तर अविश्वास दिसेल. तिसऱ्या आठवड्यात आणला त्याला, फिट थांबतच नव्हती. वाचला. म्हणून मला प्रार्थनेची भीती वाटत नाही, साक्षीची वाटते.

पेटती_वात:
रात्रपाळी ताई, शेवटचं वाक्य एकदम खरं. हे टोकाला गेलं तर काय होतं त्याचं उदाहरण होबार्ट फ्रीमन. तोही अमेरिकेतलाच, जुन्या कराराचा चांगला अभ्यासक, पण औषध घेणं म्हणजे अविश्वास असं शिकवायला लागला. त्याच्या मंडळीत लहान मुलं आणि बाळंतिणी गेल्या, आणि १९८४ मध्ये तो स्वतः न्यूमोनियाने गेला. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता हे विसरतात लोक. आणि यशयाने हिज्कीया राजाला देवाचा निरोप दिला की तू जगशील, आणि लगेच गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला लावलं.

चाकांवर:
बराच वेळ लिहू की नको चाललं होतं.

मी जन्मापासून व्हीलचेअरवर आहे. कुठल्याही नवीन चर्चमध्ये गेले की पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवतं. न विचारता. नाव विचारायच्या आधी! एकदा तर दोघांनी काखेत हात घालून मला उभं करायचा प्रयत्न केला, "विश्वासाने ऊठ" म्हणत, आणि मी पडले, तर म्हणे शंका घेतलीस. मी शंका नव्हती घेतली हो, मला पायच नाहीत धड.

जोनी एरेक्सन टाडा, १९६७ मध्ये पाण्यात सूर मारताना मान मोडली, ती कॅथरीन कुलमनच्या आरोग्य सभेला गेली होती. तिने लिहिलंय की व्हीलचेअरवाल्यांना सभा संपायच्या आधीच लिफ्टकडे नेलं, गर्दी व्हायला नको म्हणून, आणि ते सगळे तिथे लिफ्टसमोर रांगेत, गप्प. त्या रांगेत मी पण उभी राहिलेय. बसलेय म्हणा.

योहान ९ मध्ये शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते पाप कुणी केलं म्हणून, यानं की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाकारलं. आपण तोच प्रश्न फक्त शब्द बदलून विचारतो, विश्वास कुणाचा कमी पडला. ताई, तुमच्या त्या "विश्वास कमी पडला"वाल्याला हे वाचायला द्या. आणि मी देवावर रागावलेली नाहीये, हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढची कमेंट त्याच्यासाठी प्रार्थना करतो अशी येईल.

वाचनमात्र:
@चाकांवर, मी तेच टाइप करत होतो, पुसलं. सॉरी.

चाकांवर:
:D माफ.

जपमाळ:
कॅथलिक बाजूने थोडं. आमच्याकडे आजाऱ्यांना तेल लावायचा संस्कार आहे, याकोब ५:१४ वरून. पूर्वी तो मरणाच्या दारातल्यांसाठीच राहिला होता, फादर तेल घेऊन आले की घरचे रडायला लागायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो पुन्हा आजाऱ्यांचा केला. त्यात कुणाच्या हातात दान आहे का हा प्रश्नच येत नाही, याकोबही दानवाल्याला बोलवा म्हणत नाही, मंडळीच्या वडिलांना बोलवा म्हणतो. तुमच्यावरचं ओझं तिथेच निम्मं होतं बघा ताई.

आणि साक्षीचं म्हणाल तर फ्रान्समधलं आमचं तीर्थक्षेत्र लुर्द. १८५८ पासून लोक जातायत, बरे झालो म्हणून नोंदवणारे हजारो, पण चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले २०१८ पर्यंत फक्त ७०. तिथे डॉक्टरांचं कार्यालय आहे, आजार गंभीर होता का, बरं होणं अचानक आणि पूर्ण होतं का, टिकलं का, औषधाने झालं नसेल ना, सगळं तपासतात, वर्षानुवर्षं. तेव्हा कुठे बिशप बोलतो. रोमनेही २००० मध्ये आरोग्य प्रार्थनांबद्दल लेखी सूचना काढल्यात, उन्माद आणि नाटकीपणा नको म्हणून.

पेटती_वात:
७० म्हणजे फारच कंजूषपणा :) आमच्याकडे एका शनिवारी होतात तेवढे.

जपमाळ:
त्याच शनिवारबद्दल बोलतोय मी.

बिनदेवाचा_पाहुणा:
हाहाहा. मी फक्त वाचतो आता.

अन्यभाषी:
अवांतर आहे, पण आमच्याकडे अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने बोलायची, न शिकलेली भाषा) बोलता आल्याशिवाय आत्म्याचा बाप्तिस्मा झालाच नाही असं धरतात आणि प्रार्थना टीममध्ये घेत नाहीत. मला अकरा वर्षांत एकदाही आली नाही. एकदा दबावाखाली खोटं खोटं बोललो, अर्थ सांगणाऱ्याने उभं राहून भला मोठा अर्थही सांगितला! तेव्हापासून अर्थ सांगणाऱ्यावर विश्वास बसेना.

पेटती_वात:
अरे देवा. १ करिंथ १२ च्या शेवटी पौल विचारतो, सर्वच भाषा बोलतात काय, सर्वांनाच निरोगी करण्याची कृपादानं आहेत काय. उत्तर नाही असंच अपेक्षित आहे. माझ्याच लोकांनी ते वाचलं नाही याची मला लाज वाटते.

ऑर्गनवाला:
रुमाल उचलायला आलो. उशीर झाला, रिहर्सल होती.

नाव ऑर्गनवाला असलं तरी सभांमध्ये मी कीबोर्ड वाजवतो, बारा वर्षं. जे सांगतोय ते कुणाला दुखवायला नाही. प्रार्थनेची वेळ आली की प्रचारक माझ्याकडे न बघता दोन बोटं हलवतो, म्हणजे पॅड सुरू कर. पॅड म्हणजे तो मागे सतत चालणारा मऊ आवाज. एकच स्वर धरून ठेवायचा, त्यावर कॉर्ड हळूहळू बदलायचे, ताल नाही, म्हणजे किती वेळ गेला ते कुणाला कळत नाही. तो आवाज चढवायला लागला की मी पण वर जायचं, आणि ज्या क्षणी तो "आता!" म्हणतो त्या क्षणी जो कॉर्ड सोडायचा तो मला पाठ आहे. त्यावर लोक पडतात. मागे धरायला माणसं उभी असतात. एकदा नवीन मुलगा ड्रमवर होता, त्याने चुकून मध्येच झांज वाजवली तर प्रचारक पोचला नव्हता त्या रांगेतल्या दोघी पडल्या.

मी खूप दिवस स्वतःला समजावलं की अलीशा संदेष्ट्याने पण वाजवणारा मागवला होता, २ राजे ३. आहे ते, खरंच आहे. वाजवणारा वाजवू लागला तेव्हा परमेश्वराचा हात त्याच्यावर आला. त्यामुळे संगीत वाईट असं म्हणवत नाही. पण एका रात्री लाईट गेली. कीबोर्ड बंद, स्पीकर बंद, अंधार. आणि पुढच्या अर्ध्या तासात कुणी पडलं नाही, कुणी ओरडलं नाही, लोक मोबाइलच्या उजेडात एकमेकांजवळ जाऊन हळू आवाजात विचारत होते, तुझं काय दुखतंय. एका म्हाताऱ्या माणसाने माझ्यासाठी प्रार्थना केली, मला ऐकूही नीट आलं नाही. त्या रात्री कुणी बरं झालं का, माहीत नाही, कुणी साक्ष दिली नाही. पण त्यानंतर मी दोन बोटांवर वाजवणं सोडलं. आता फक्त गाण्याला वाजवतो. प्रचारक नाराज आहेत, पाळक म्हणतात बघू.

रात्रपाळी:
हे वाचून थोडा वेळ नुसती बसले.

थोमाचा_भाऊ:
ऑर्गनवाले, तुमचा रुमाल चालतो.

शिस्तवार:
मी पाळक आहे, मोठ्या मंडळीचा नाही. मूळ प्रश्नाकडे येतो, तो मागे पडला.

१ करिंथ १२ च्या मूळ वचनात "निरोगी करण्याची कृपादाने" असं अनेकवचन आहे, ग्रीकमध्ये तर दोन्ही शब्द अनेकवचनी. यादीतल्या आणखीही काही गोष्टी अनेकवचनी आहेत, पण "कृपादानं" हा शब्द फक्त याच एकाला जोडलाय. मला त्याचा अर्थ असा लागतो की हे एखाद्याला दिलेलं कायमचं लायसन्स नव्हे, त्या त्या आजाऱ्यापुरतं त्या त्या वेळी दिलेलं दान. काकूंना मिळालं, तुमच्या हातून मिळालं, संपलं. उद्या दुसऱ्याच्या हातून मिळेल. सगळे अभ्यासक असं मानत नाहीत, पण मला यानं पंचवीस वर्षं झोप लागलीय.

जॉन विंबरचं सांगतो, अमेरिकेतल्या व्हिनयार्ड मंडळ्यांचा पुढारी. त्याने आपल्या मंडळीत आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली तेव्हा कित्येक महिने एकही माणूस बरा झाला नाही, उलट प्रार्थना करणारेच आजारी पडत होते, त्यानेच सांगितलंय. पुढे तो जगभर गाजला. आणि त्याचा जवळचा मित्र, इंग्लंडमधला डेव्हिड वॉटसन, विंबर आणि त्याच्या लोकांनी जीव तोडून प्रार्थना करूनही १९८४ मध्ये कॅन्सरने गेला. विंबरने सेवा थांबवली नाही, पण वॉटसनचा विश्वास कमी होता असंही म्हटलं नाही. त्याच्या पद्धतीतली एक गोष्ट मी उचलली, सुरुवात प्रश्नाने करायची. काय होतंय, कधीपासून. हात नंतर.

आणि मार्क ८ मध्ये बेथसैदाच्या आंधळ्यावर हात ठेवल्यावर प्रभूच विचारतो, तुला काही दिसतं का? तो म्हणतो माणसं दिसतात पण झाडांसारखी. तिथे प्रभूने त्याला साक्ष द्यायला उभं केलं नाही, पुन्हा हात ठेवले. दहा कुष्ठरोग्यांनाही याजकांना दाखवा म्हणून पाठवलं, म्हणजे तपासणीला. आम्ही मात्र झाडं दिसायला लागली की माइक देतो.

थोमाचा_भाऊ:
लायसन्स नव्हे, हे मला माझ्या बाजूने बसूनही जवळजवळ मान्य करता येईल. जवळजवळ.

जपमाळ:
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मोहरीचा_दाणा:
सगळ्यांचे आभार. तीन दिवस वाचत होते, लिहायला धीर होत नव्हता.

काल त्या मुलाच्या आईकडे गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण दारात फक्त एवढंच बोलले गेले की त्या दिवशी तो जे बोलला ते खोटं होतं आणि मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ती म्हणाली, हो, बोलायला हवं होतं. मग आत घेतलं. देवाविषयी काही बोलायचं नाही म्हणाली, मी नाही बोलले. त्याचे कपडे आवरायचे राहिले होते, ते दोघींनी मिळून आवरले. अर्धेच झाले. शुक्रवारी पुन्हा ये म्हणाली.

पाळकसाहेबांना आज सांगितलं की टीममध्ये येते, पुढे होणार नाही. तीन अटी घातल्या. एकटीने नाही, दोघादोघांनी प्रार्थना करायची. औषधाबद्दल टीममधलं कुणी एक शब्द बोलायचं नाही. आणि डॉक्टरांनी तपासून तीन महिने झाल्याशिवाय साक्ष नाही. पहिल्या दोन लगेच मान्य. तिसरीला म्हणाले, मग रविवारी लोकांना सांगायचं काय?

रात्रपाळी:
तिसरीवरच अडून बसा. हवं तर पहिली सोडून द्या.

पेटती_वात:
आणि तो "विश्वास कमी पडला"वाला टीममध्ये आहे का अजून?

मोहरीचा_दाणा:
आहे. त्याच्या जोडीला मीच जाणार आहे, मागून घेतलंय.

चाकांवर:
चौथी अट घाला. हात ठेवायच्या आधी विचारायचं.

मोहरीचा_दाणा:
घातली. आत्ताच मेसेज केला त्यांना. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही अजून.